नवव्या फेरीनंतरचा हात

मंगळवार, १२ मार्च

चि. ढोल्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

अकरा वर्षांनी ताईचं पत्र आलं म्हणून घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. मी धडधाकट आहे. गुडघे कुरकुरतात, चष्म्याचा नंबर वाढलाय आणि दवाखान्यातली ड्रेसरची नोकरी संपायला अजून चौदा महिने आहेत. रोज आठ ते दोन लोकांच्या जखमा धुते, पट्ट्या बांधते आणि रडणाऱ्यांना ओरडते. थोडक्यात, माझ्यात काही सुधारणा नाही.

तुझ्या चिमणीचं पाकीट शनिवारी मिळालं. (तुझ्या बायकोला अजून चिमणी म्हणते म्हणून रागावू नकोस. तुझ्याशेजारी उभी राहिली की कोणतीही बाई चिमणीच दिसणार.) पाकिटात एक फॉर्म होता आणि एक चिठ्ठी. फॉर्म बाजूला ठेवून मी आधी चिठ्ठी वाचली. तिने लिहिलंय, 'ताई, ह्यांच्या डोक्याची तपासणी झाली. मोठ्या डॉक्टरांनी दोन तास घेतले. चित्रं काढली, कोडी घातली, आकडे उलटे म्हणायला लावले. डोकं अगदी स्वच्छ आहे म्हणाले.'

ढोल्या, मी ती चिठ्ठी ड्रेसिंगच्या खोलीत उभ्याउभ्या वाचत होते, ती मटकन स्टुलावर बसले. समोर पायात खिळा घुसलेला सुतार होता, तोच मला विचारायला लागला, "बाई, पाणी आणू का?" जीव भांड्यात पडतो म्हणतात, तो माझा पडला. मग सुताराचा पाय इतक्या हलक्या हाताने बांधला की तो म्हणाला, मागच्या वेळी तुम्ही नव्हता का? मीच होते.

आता डोकं स्वच्छ निघालं यात तसं नवल नाही. त्यात पहिल्यापासून काही साठवलेलंच नव्हतं. पण एवढी मोठी तपासणी तू करून का घेतलीस, हे चिमणीने लिहिलेलं नाही. तुला सुईची भीती वाटते. पायात काच गेली होती तेव्हा तू सहा वर्षांचा होतास आणि तिघांनी धरलं होतं तुला. असा माणूस आपल्या पायांनी दवाखान्यात गेला म्हणजे काहीतरी कारण असणार. असो. निकाल चांगला आहे, तोच मी धरून बसले आहे.

तुझ्या नावाचा हॉल होतोय ते पेपरात वाचलं. तोही बर्फाच्या जुन्या कारखान्याच्या जागी, जिथे तू खांद्यावर लाद्या वाहायचास. फोटो बघितला. भिंत तीच आहे, खिडक्या नव्या. त्या भिंतीला टेकून वस्ताद, तेव्हाचा तुमचा मुकादम, हजेरी घ्यायचा. घरी आला होता तेव्हाचं तुला आठवतं का? तू एकोणीस वर्षांचा. वस्ताद आईला म्हणाला, "बाई, तुमचा मुलगा एका हाताने बर्फाची लादी उचलतो आणि दुसऱ्या हाताने नाक पुसतो. हा मुलगा मला द्या, बॉक्सर करतो." आई नुकतीच लाँड्रीतून आली होती, बोटं वाफेने सुरकुतलेली. ती म्हणाली, "देते. पण दात मोजून देते आणि मोजून परत घेईन." आणि खरंच मोजायची! प्रत्येक लढतीनंतर तुला दारातच आ करायला लावायची. चौदा वर्षांत दोन कमी भरले, त्यातला एक जिन्यावरून पडून गेलेला, पण तिने तोही वस्तादाच्याच माथी मारला.

आणि पहिली लढत! समोरचा आडवा झाला तर तू त्याला उचलायला धावलास. रेफरीने तुला कोपऱ्यात ढकललं, तर त्यालाही म्हणालास, "सॉरी, काका." सगळे हसले. पाचव्या लढतीपासून कोणी हसेनासं झालं. लोक तुला 'घण' म्हणायला लागले. मी आपली ढोल्याच म्हणत राहिले, कारण तू झालास तेव्हा मी तेरा वर्षांची होते आणि आई कामाला गेली की तुला कमरेवर घेऊन फिरायचे. एवढं जड मूल मी आजवर दुसरं पाहिलेलं नाही. हेवीवेट तू तेव्हाच झाला होतास.

हात बांधायचं काम माझ्याकडे आलं ते घरचीच ड्रेसर म्हणून. चौतीस लढती, चौतीस वेळा. तू खुर्चीवर उलटा बसायचास, तिच्या पाठीवर हनुवटी टेकून. डावा हात आधी पुढे. कधी उजवा नाही. आणि दर वेळी तेच शब्द, "बांध ताई, लवकर, सुरू होईल." लढतीला तास असला तरी तेच. मी म्हणायचे, तुझ्याशिवाय काय सुरू होणार आहे? मग मनगटाला तीन वेढे, अंगठ्यातून एक, बोटांच्या मधून आणि परत मनगट. ग्लव्ह्ज चढेपर्यंत तू एक अक्षर बोलायचा नाहीस. तेवढाच वेळ तू गप्प, म्हणून मलाही ते काम आवडायचं.

वस्तादाचा एक नियम होता. कोपऱ्यातला टॉवेल नात्यातल्या माणसाच्या हातात द्यायचा नाही. टॉवेल रिंगमध्ये पडला की लढत संपली, आपण हार मानली. जीव लावणारा माणूस घाबरून एक फेरी आधीच टाकतो, असं तो म्हणायचा. म्हणून टॉवेल नेहमी दुसऱ्या कोणाकडे असायचा. पण किताबाच्या त्या लढतीला तूच हट्ट धरलास. "टॉवेल ताईकडे द्या. ही हार मानणारी बाई नाही." वस्ताद नको नको म्हणत होता. तू माझा हात धरून वचन घेतलंस, काहीही झालं तरी टाकायचा नाही. मी म्हटलं, नाही टाकणार.

पुढचं तुला माहीत आहे. सगळ्यांनाच माहीत आहे. दहावी फेरी, तू गुणांवर पुढे आणि टॉवेल रिंगमध्ये. घणाच्या बहिणीच्या हातातून निसटला! आजही दवाखान्यात कपबशी फुटली की आवाज कुठूनही येवो, सगळे आधी माझ्याकडे बघतात. सवय झाली आहे.

आता फॉर्मचं. नीट वाचला. बॉक्सिंग महासंघ जुना निकाल उघडायला तयार झाला आहे. कोपऱ्यातल्या माणसाने शपथेवर सही करायची की 'टॉवेल अनवधानाने माझ्या हातून निसटला, हार मानण्याचा हेतू नव्हता'. मग तुझी एकुलती एक हार पुसली जाईल आणि हॉलच्या फलकावर तुझ्या नावापुढे एकही पराभव नसेल. अकरा वर्षं तू अर्जांवर अर्ज केलेस, त्याचं फळ एका सहीवर आलंय.

पाठवते. एक-दोन दिवसांत पाठवते. आज पेन नीट चालत नाहीये.

चिमणीला सांग, माझा तिच्यावर राग नाही, कधीच नव्हता. जपून राहा.

तुझी
ताई


गुरुवार, २१ मार्च

चि. ढोल्यास,
आशीर्वाद.

तुझं कार्ड मिळालं. अकरा वर्षांनंतर भावाने लिहिलेले चार शब्द. 'फॉर्म कुठे आहे? कळव.' ना नमस्कार, ना सही. चला, अक्षर तेवढं ओळखीचं आहे, अजून बर्फावर घसरल्यासारखं.

मागच्या पत्रात पेन चालत नाही म्हणून लिहिलं आणि त्याच पेनाने चार पानं भरली होती, हे तुझ्या नसलं तरी चिमणीच्या लक्षात आलं असेल. पेनाला काही झालेलं नाही. फॉर्म समोर टेबलावर आहे. गेले बारा दिवस मी त्याच्यावर चहाचा कप ठेवत नाही, एवढाच काय तो त्याचा मान राखला.

मला तिथे सही करता येणार नाही, कारण ते खोटं आहे. टॉवेल निसटला नव्हता, ढोल्या. मी टाकला.

लिहिलं एकदाचं. आता पुढचं सगळं वाच, मध्येच भिंतीवर बुक्के मारायला उठू नकोस. भाड्याची असो की स्वतःची, भिंतीने तुझं काही वाकडं केलेलं नाही.

त्या रविवारी दुपारी हॉलमध्ये किती उकडत होतं ते आठवतंय? समोर तो गवंडी. कामाने गवंडी म्हणून सगळे त्याला तेच म्हणायचे, आणि अंगानेही भिंतच. पहिल्या आठ फेऱ्या तू सुरेख लढलास. आठवीच्या शेवटी त्याचा एक उजवा तुझ्या कानाच्या वर बसला. तू पडला नाहीस. लोकांना तर तो लागल्याचं कळलंही नसेल. नवव्या फेरीतही तूच जास्त मारलंस. फेरी संपली, तू कोपऱ्यात आलास, स्टुलावर बसलास. वस्ताद रेफरीशी हुज्जत घालायला दोरांकडे गेला, गवंडी डोकं लावतोय म्हणून. पाणी देणारा बादली भरायला खाली वाकला. तुझ्यासमोर मी एकटी होते, भुवईवर बर्फातली पट्टी दाबून धरलेली.

आणि तू डावा हात पुढे केलास. ग्लव्ह घातलेला, घामाने निथळणारा हात, माझ्या मांडीपर्यंत. मला म्हणालास, "बांध ताई, लवकर, सुरू होईल."

नऊ फेऱ्या झाल्या होत्या, ढोल्या. तुझ्या लेखी लढत अजून सुरूच झाली नव्हती.

मी म्हटलं, "बांधलाय." तू हाताकडे बघितलंस आणि खूश होऊन म्हणालास, "अरे, बांधलास पण!" अगदी तोंडभर हसलास. मग घंटा झाली आणि तू उठून गेलास, आणि असा लढायला लागलास की सगळा हॉल उभा राहिला. तुझ्या हातापायांना सगळं येत होतं. तूच तेवढा तिथे नव्हतास. ते फक्त मला माहीत होतं, बाकी हजारो माणसं टाळ्या वाजवत होती. वस्ताद ओरडत होता, "दोन फेऱ्या राहिल्या, किताब आपला!" मी त्याला सांगायला तोंड उघडलं, पण त्या गोंगाटात माझं मलाच ऐकू येत नव्हतं. गवंड्याने परत उजवा हात मागे घेतला. मला वचन आठवत होतं. चांगलं आठवत होतं. तरी टाकला.

रेफरीने हात वर केले. तू वळलास, खाली पडलेला टॉवेल बघितलास, मग मला बघितलंस. ती नजर मला सहन झाली नाही. तोंडातून निघून गेलं, "निसटला." मी काही ठरवून बोलले नव्हते. पोराने काही फोडल्यावर म्हणावं तसं म्हणाले, चाळीशी ओलांडलेली बाई! वस्तादाने ऐकलं, पेपरवाल्यांनी ऐकलं, महासंघाने लिहून घेतलं. आणि तू म्हणालास, "लोकांची हाडं बांधतेस आणि तुला एक टॉवेल धरता आला नाही?" तेव्हापासून तू माझ्याशी बोललेला नाहीस. आई गेली त्या दिवशीसुद्धा तू दाराशी उभा होतास आणि मी पलंगाशी, आणि एवढ्याशा खोलीत तुला माझ्यापर्यंत येता आलं नाही.

खरं का सांगितलं नाही? सुरुवातीला वचन मोडल्याची लाज वाटली म्हणून. आणि मी भित्री आहे म्हणून. मला सगळे समजतात तशी मी खंबीर वगैरे नाही, मला नुसतं ओरडता येतं. पुढे कारण बदललं. खरं सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, का टाकलास? मग मला सांगावं लागलं असतं की तुझं डोकं तुला सोडून गेलं होतं. हे ऐकून तू रोज सकाळी उठून स्वतःच्या डोक्याला घाबरला असतास. ती भीती मी माझ्याकडे ठेवली. तू रागाने महासंघाला कळवलंस की निकाल बदलल्याशिवाय ग्लव्ह्ज घालणार नाही. मी मनात म्हटलं, घालू नकोस, बाबा, घालूच नकोस. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, त्या तुझ्या पिळानेच तुला रिंगबाहेर ठेवलं. लोक हळहळायचे की घण फुकट गेला. मी कोणाला न सांगता सुटकेचा श्वास टाकायचे.

गवंडी आमच्या दवाखान्यात येतो, महिन्यातून एकदा. तो त्यानंतर आणखी तीन वर्षं लढला. त्याची मुलगी त्याला घेऊन येते. दर वेळी तो मला पहिल्यांदा भेटल्यासारखा नमस्कार करतो, फार गोड माणूस आहे. शर्टाची बटणं मी लावून देते. मग घरी येऊन मी चिमणीच्या आईला काहीतरी निमित्त काढून फोन करते आणि सहज विचारल्यासारखं विचारते, जावई बरे आहेत ना? विसरत नाहीत ना काही? त्या माउलीला वाटतं मला बोलायला माणूस नाही. अकरा वर्षं हेच चाललंय. त्या शनिवारी चिठ्ठी वाचून मी का बसले ते आता तुला कळलं असेल.

आता तू म्हणू शकतोस की डोकं स्वच्छ निघालं, म्हणजे टॉवेल टाकायची गरजच नव्हती. असेलही. किंवा टाकला म्हणून स्वच्छ निघालं असेल. मी खूप विचार केला, मला उत्तर माहीत नाही. डॉक्टरांनाही माहीत नसणार. एवढंच माहीत आहे की परत तो हात पुढे आला तर मी परत टाकीन, आणि या वेळी निसटला म्हणणार नाही.

फॉर्म सोबत पाठवते आहे. त्यांच्या वाक्यावर काट मारली आहे आणि खाली लिहिलंय, 'टॉवेल मी जाणूनबुजून टाकला.' त्याखाली सही आहे. महासंघाला परस्पर पाठवलेला नाही, तुझी लढत आहे, तुझ्या हातात देते. फाडून टाकलास तरी मी कोणाला बोलणार नाही. पण कोरा फॉर्म परत पाठवलास तर त्याच्यावरही हेच लिहीन. तुझी ती स्वच्छ पाटी माझ्यामुळे जाते आहे, याचं मला वाईट वाटतं. फार वाटतं. पण कालपासून, म्हणजे हे मनात पक्कं केल्यापासून, मला झोप लागते आहे. आज सकाळी तर कामावर उशीर झाला. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा.

राग आला तर येऊ दे. फक्त तो टॉवेल धरता न येणारीवरचा नको. टाकणारीवर कर, तो माझ्या वाट्याचा आहे.

वचन मोडलेली
ताई


बुधवार, ३ एप्रिल

ती. ताईस,
ढोल्याचा साष्टांग नमस्कार.

मला पत्र लिहिता येत नाही. चिमणी शेजारी बसून चुका काढते आहे. वर तिने 'ढोल्या' खोडून माझं नाव घातलं होतं, ते मी खोडून परत ढोल्या केलं.

तुझं पत्र वाचलं आणि चार दिवस ते खिशात घेऊन फिरलो. भिंतीला हात लावला नाही. बॅगला लावला. वरचा आकडा निघून आला आणि बॅग माझ्याच पायावर पडली. अंगठा सुजलाय. हस.

पाचव्या दिवशी लढतीची फिल्म लावली. ती मी किती वेळा बघितली आहे, काही मोजदाद नाही. का बघितली ते आता सांगतो. हे चिमणीलाही मागच्या महिन्यापर्यंत माहीत नव्हतं.

ताई, मला आठवीच्या पुढचं काही आठवत नाही. कधीच आठवलं नाही. मला आठवतो तो थेट टॉवेल, खाली पडलेला, पांढरा, कोपऱ्यावर आईच्या लाँड्रीची लाल टाक्याची खूण. मध्ये काही नाही. पण सगळे विचारायचे, दहाव्या फेरीत काय वाटत होतं? मी फिल्म बघून पाठ केलं. त्याचा डावा कसा चुकवला, मी कसा आत शिरलो, सगळं. अकरा वर्षं मुलाखती दिल्या. पोरांना शिकवताना सांगितलं. तुझ्यावर ओरडलो तेसुद्धा पाठ केलेलंच होतं. मी जिंकत होतो हे मला पेपरात वाचून कळलं, ताई. मग त्याच्यावरच अडून बसलो. खाई त्याला खवखवे, दुसरं काय. अर्जावर अर्ज करत होतो, कारण तो निकाल खोटा ठरला तर मधली रिकामी जागाही खोटी ठरेल असं वाटायचं.

आणि भीती तर होतीच. तू ठेवून घेतलीस म्हणतेस, पण ती माझ्याकडेही होती. दोघांकडे एकेक. किल्ली सापडली नाही तरी मला घाम फुटायचा. शेवटी हॉलच्या उद्घाटनात भाषण करायचं ठरलं आणि मी घाबरलो, मध्येच विसरलो तर? म्हणून तपासणी केली. सुई टोचली तेव्हा डोळे मिटले होते.

फिल्ममध्ये नववी संपल्यावर मी स्टुलावर बसतो. तुझी पाठ मध्ये येते. तुझ्या पाठीच्या बाजूने माझा डावा हात पुढे आलेला दिसतो, एवढाच. मला इतकी वर्षं वाटायचं, मी पाणी मागतोय. त्या दिवशी चिमणी बघत होती. ती म्हणाली, "पाणी कोणी असं मागतं का? तळहात खाली करून?" मी रडलो. तिने हे वाक्य ठेवायला सांगितलं, म्हणून ठेवतो.

मला आता मोकळं वाटतंय. मध्ये काय झालं ते कोणाला तरी माहीत आहे, आणि ते तुला माहीत आहे. 'बांधलास पण' म्हणालो ना मी? हसलो ना? तेवढं सांगितलंस ते बरं केलंस. मला वाटायचं तिथे काहीतरी भयानक असेल.

सोमवारी महासंघात जाऊन अर्ज मागे घेतला. साहेब म्हणाले, अहो, एवढी वर्षं मागे लागलात आणि आता निकाल हातात आल्यावर? मी म्हटलं, निकाल बरोबर आहे. त्यांना काही कळलं नाही. तुझा फॉर्म त्यांना दिलेला नाही. फाडलेलाही नाही. माझ्याकडे आहे.

काल पेंटर फलक रंगवायला आला. त्याच्या कागदावर होतं, 'चौतीस लढती, तेहतीस विजय, एक पराभव'. मी ते बदलून घेतलं. तो म्हणाला, असं कोणी लिहितं का? मी म्हटलं, तू रंगव. आता भिंतीवर आहे, 'चौतीस लढती. तेहतीस जिंकल्या. एक ताईने थांबवली.' अक्षरं हातभर मोठी आहेत, रस्त्यावरूनही दिसतात.

चौदा तारखेला, रविवारी सकाळी अकराला उद्घाटन आहे. त्या दिवशी माझ्याकडे शिकणाऱ्या मुली लढणार आहेत, आणि शेवटी मी त्यांच्यातल्या एकीबरोबर तीन मिनिटं. ती सोळाची आहे आणि मला झोडपणार आहे. जमलं तर गवंड्याला आणि त्याच्या मुलीलाही घेऊन ये, मी पुढच्या रांगेत खुर्च्या ठेवतो. बटणं मी लावीन.

तू दहालाच ये. मी खुर्चीवर उलटा बसून राहीन. दुसऱ्या कोणाकडून हात बांधून घेणार नाही. आणि टॉवेलही तुझ्याकडेच राहील. वचन वगैरे काही नको. वाटलं तर टाक.

तुझा,
एक लढत हरलेला,
ढोल्या